हिरवा घुमट आणि काळी जमीन

मदीनेचा हिरवा घुमट आम्हा मुसलमानांच्या घराघरांत आहे. कॅलेंडरवर, भिंतीवरच्या तसबिरीत, हाजी लोकांनी आणलेल्या जानमाजवर. पण त्या घुमटाभोवतीची जमीन कशी आहे, असे कुणी विचारले तर आमच्या डोळ्यांपुढे वाळू आणि खजुराची झाडे एवढेच येते. वस्तुतः मदीनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला ज्वालामुखीच्या लाव्हाने बनलेली काळ्या दगडांची रानं आहेत. अरबीत त्यांना 'हर्रा' म्हणतात. सह्याद्रीचा कातळ ज्या बेसॉल्ट जातीचा, त्याच जातीचा हा दगड. आमचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथला काही मात्र अवघा पावणेआठशे वर्षांपूर्वीचा.

ही जमीन आमच्या इतिहासाबाहेरची नाही. हजरत पैगंबरांनी (स.) मदीनेची पवित्र हद्द सांगितली ती या दोन काळ्या रानांमधली. इ. स. ६२७ मध्ये शत्रू चालून आला तेव्हा खंदक खणला गेला तो मुख्यतः उत्तरेच्या मोकळ्या बाजूला. इतर बाजूंनी हर्राचे टोकदार दगड, बागा आणि घरे यांनीच वाट अडवली होती.

इ. स. १२५६ मध्ये, म्हणजे हिजरी ६५४ साली, मदीनेला भूकंपाचे धक्के बसले आणि शहराच्या आग्नेयेला जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. सुमारे ५२ दिवस तो वाहत होता. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याची लांबी सुमारे २३ किलोमीटर मोजली आहे. शहर वाचले. त्याच वर्षी रमजानमध्ये दिव्याच्या आगीत मस्जिदे नबवी जळाली आणि दोन वर्षांनी बगदाद पडले. लोकांनी या साऱ्यांत कयामतीच्या खुणा पाहिल्या. पण मदीनेहून दमास्कसला गेलेल्या पत्रांत धक्के, ज्वाला यांचे तपशील होते आणि अबू शामा या इतिहासकाराने ती पत्रे जपली. श्रद्धा आणि नोंद यांचे तेव्हा भांडण नव्हते.

चित्र यायला मात्र आणखी सहा शतके लागली. १८६१ साली इजिप्तच्या सैन्यातले इंजिनियर मुहम्मद सादिक बे अल-वज्ह बंदरापासून मदीनेपर्यंतच्या वाटेची मोजणी करायला निघाले. सोबत कॅमेरा होता. काचेला रसायन लावायचे आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन धुवायचे, असा तो काळ. अरबस्तानच्या उन्हात ते किती कठीण! त्यांनी शहराचे दृश्य टिपले ते तोफखान्याच्या उंचीवरून, कारण त्यांना जास्तीत जास्त विस्तार हवा होता. १८८० मध्ये हजच्या काफिल्याचे खजिनदार म्हणून ते पुन्हा गेले. शेजारशेजारची छायाचित्रे जोडून त्यांनी रुंद देखावे तयार केले. छायाचित्र जायज की नाजायज, असा वाद आमच्यात अजून ऐकू येतो. मदीनेची पहिली ज्ञात छायाचित्रे घेणारा माणूस श्रद्धावान मुसलमान होता, हे त्या वादात कुणी सांगत नाही.

२००८ साली अंतराळ स्थानकावरून मदीनेच्या उत्तरेकडील हर्रत खैबरचे छायाचित्र घेतले गेले. काळ्या लाव्हाच्या पसाऱ्यात फिकट रंगाचे ज्वालामुखी त्यात स्पष्ट दिसतात. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, मदीनेच्या वायव्येला हर्रत लुनय्यिर येथे हजारो लहानमोठे भूकंप झाले, जमिनीला लांब भेग पडली आणि तीस हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. लाव्हा वर आला नाही. जमीन मात्र जागी आहे, हे कळले.

सादिक बे यांनी दूर उभे राहून शहर पाहिले. आम्ही मात्र कॅलेंडरसाठी चित्राच्या कडा कापल्या आणि घुमट तेवढा ठेवला. त्या कडांबरोबर खंदकाचे कारण गेले आणि १२५६ ची आगही गेली. प्रेम घुमटावर आहेच. पण ज्या मातीवर तो उभा आहे, ती ओळखल्याने ते कमी होणार नाही. यंदा हजहून कुणी परतले, तर जमजम आणि खजुरांबरोबर त्यांना तिथल्या काळ्या दगडांविषयीही आम्ही विचारू.