कोळंबीच्या हौदातील औषध

गोव्याच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, भरतीचे पाणी बांधाच्या मानशीतून (झडपेच्या दारातून) आत येई, त्याबरोबर शिरलेली कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने मक्त्याने दिला जाई, आणि मक्तेदाराच्या हिशेबात जाळ्याचा व मजुरीचा खर्च मांडला जात असला तरी औषधाच्या खर्चाला तेथे जागा नसे. कारण बीज समुद्राने पुरवलेले आणि पाणी भरती-ओहोटीने बदललेले असे.

हा क्रम मोडण्याचा आरंभ जपानात झाला. मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवून डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिले, वाढवले, आणि पुढील अर्धशतकात ही विद्या तैवान, फिलिपिन्स व भारत येथे धंदा म्हणून रुजली. विजय खराच होता; परंतु समुद्रात विखरून राहणारे लक्षावधी डिंभ एका हौदात कोंडले, म्हणजे एकाचा रोग सर्वांना गाठतो. व्हिब्रिओ हार्वेयी या जिवाणूने ग्रासलेले डिंभ अंधारात चमकू लागत आणि पाहता पाहता मरून पडत. तेव्हा क्लोरॅम्फेनिकॉल, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके थेट पाण्यात मिसळण्याचा प्रघात पडला, आणि तीही पुष्कळदा रोग दिसण्यापूर्वीच.

रोग्याला औषध पाजणे वेगळे आणि ज्या पाण्यात तो श्वास घेतो, खातो व कात टाकतो ते पाणीच औषधी करणे वेगळे. फिलिपिन्समधील संशोधकांना १९९० च्या सुमारास आढळले की जिवाणू आटोक्यात आणणाऱ्या काही औषधांनी डिंभांच्या शरीररचनेतच व्यंग येते. आणि १९९४ मध्ये मंगळूरच्या शास्त्रज्ञांनी टायगर कोळंबीच्या डिंभांचा जो संहार नोंदवला, त्याला कारण झालेला व्हिब्रिओ अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. ज्याच्या रक्षणार्थ औषध आणले, त्या कवचधारी जीवाचे अंग त्याने विद्रूप केले आणि शत्रूला मात्र सशक्त केले, याचे मला फार दुःख वाटते.

२००२ च्या सुमारास युरोपने क्लोरॅम्फेनिकॉलचे अवशेष सापडलेला आशियाई माल अडवला, तेव्हा कोठे निर्बंध कडक झाले. ती तपासणी मांसाची होती, हौदांतून खाडीत सोडलेल्या औषधी पाण्याची नव्हती. वस्तुतः डेन्मार्कमधील संशोधकांनी २००० सालीच जलपिसूंवर प्रयोग करून दाखवले होते की काही प्रतिजैविकांची जी मात्रा या इवल्या कवचधारी जीवांना तत्काळ घातक ठरते, तिच्या सुमारे दशांशानेही त्यांचे प्रजनन घटते. आणि असल्याच सूक्ष्म जीवांवर माशांची पिले पोसली जातात.