सुपरहिरोच्या खेळातून बालवाडीतली मुलं काय शिकतात? नांदेड-लातूरच्या घरात आणि अंगणवाडीत जमतील असे पाच खेळ

गळ्यात टॉवेल बांधून ओसरीवरून उडी मारणारं लेकरू नांदेड-लातूरच्या कुठल्याही गल्लीत दिसतं. ‘पडशील!’ म्हणून घरचे ओरडतात आणि खेळ तिथंच मोडतो. हाच खेळ थोडा वळवला, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मोजणं, बोलणं, दम धरणं आणि हातातलं काम पूर्ण करणं शिकवता येतं. त्यासाठी महागडा पोशाख लागत नाही. हिरोला काम कोणतं दिलं जातं, हे महत्त्वाचं.

सुपरहिरो झाल्यावर मूल खरंच बदलतं का?

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना कॉम्प्युटरवरचं एक कंटाळवाणं काम दहा मिनिटं करायचं होतं. शेजारी मजेदार गेम असलेला टॅब्लेट ठेवला होता आणि मधेच उठून तो खेळायची मुभा होती.

काही मुलांना स्वतःला विचारायला सांगितलं, ‘मी मेहनत करतोय का?’ काहींनी स्वतःचं नाव घेऊन तोच प्रश्न विचारला. उरलेल्यांना बॅटमॅन, डोरा, रपुन्झेल किंवा बॉब द बिल्डर व्हायचं होतं आणि ‘बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असं विचारायचं होतं. कामावर सर्वात जास्त वेळ टिकली ती हिरो झालेली मुलं. याला ‘बॅटमॅन इफेक्ट’ म्हणतात. आपण दुसरं कुणीतरी आहोत असं मानलं की मुलाला मोहापासून थोडं लांब उभं राहता येतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

आपल्याकडे बॅटमॅनच हवा असं नाही. ‘भीम, चपला जागेवर लागल्या का?’ एवढं विचारलं तरी काम होऊ शकतं. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा ‘छोटा भीम’ २००८ पासून टीव्हीवर आहे, तो मुलांच्या ओळखीचा आहे.

मग मुलं मारामारी का शिकतात?

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासात २४० लहान मुलांचं सुपरहिरोचं वेड तपासलं गेलं. ज्यांना ते जास्त होतं, ती मुलं वर्षभरानंतर अधिक आक्रमक वागताना आढळली. दुसऱ्याला मदत करण्यात किंवा त्याची बाजू घेण्यात मात्र ती पुढे नव्हती. या अभ्यासात दोन गोष्टींचा संबंध दिसला, एकामुळेच दुसरं घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

तरी अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. हिरो कुणाला तरी वाचवतो, हे मोठ्यांना कळतं. चार वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहतो तो ठोसा. म्हणून खेळात खलनायक ठेवूच नये, अडचण ठेवावी. पाणी आणायचंय, खेळणं सापडत नाहीये, बाहुली घाबरलीये, अशी.

घरात आणि अंगणवाडीत जमतील असे पाच खेळ

१. जलदूत: एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ‘जलदूत’ नावाच्या त्या पहिल्या गाडीच्या १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. दहा मुलांनी दहा डबे व्हायचं आणि एका बादलीतलं पाणी छोट्या तांब्याने दुसऱ्या बादलीत न्यायचं, न सांडता. प्रत्येक तांब्याला मोठ्याने आकडा म्हणायचा. यात मोजणी, कमी-जास्त, हाताचा तोल आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं असं सगळं येतं. उरलेलं पाणी झाडाला घालायचं.

२. कासव हिरो: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो लोकांचा जीव गेला. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीजवळ झालेल्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही जाणवले. म्हणून हा खेळ. ताईंनी ‘कासव!’ म्हटलं की मुलांनी टेबलाखाली शिरायचं. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून लांब, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. ‘थांबलं’ म्हटलं की रांगेने मैदानात जायचं. पळणारा हिरो बाद. मात्र खेळाने घर मजबूत होत नाही. किल्लारीत बहुतेक जीव गेले ते दगड-मातीची जड घरं कोसळल्यामुळे.

३. जोडी जमवणारा हिरो: घरातल्या सगळ्या चपला एकत्र करायच्या आणि जोड्या लावायच्या. मग लहानापासून मोठ्यापर्यंत रांग करायची. पुढे बेरीज-वजाबाकी शिकण्याचा पाया इथेच पडतो.

४. सुटका मोहीम: एक खेळणं लपवायचं आणि ‘खाटेच्या खाली’, ‘दाराच्या मागे’, ‘पेटीच्या वर’ अशा सूचना द्यायच्या. पुढच्या फेरीत मुलाने लपवायचं आणि सूचनाही त्यानेच द्यायच्या. बोलण्याची खरी कसरत या दुसऱ्या फेरीत होते.

५. हिरोलाही भीती वाटते: अंधाराची, कुत्र्याची, इंजेक्शनची. ‘तुझा हिरो घाबरला की काय करतो?’ असं विचारावं. ‘मला भीती वाटते’ हे सांगायला अवघड जातं, हिरोबद्दल मूल सहज बोलतं.

खेळून अभ्यास मागे पडणार नाही का?

दहावी-बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखल्या जाणाऱ्या भागात हा प्रश्न येणारच. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘लिहायला येतं का?’ असं विचारलं जातं तेव्हा आई-बाबांना धास्ती वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने या वयासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रांचा ‘जादुई पिटारा’ आणला. अंगणवाडीच्या कामात तर पूर्वशालेय शिक्षण २ ऑक्टोबर १९७५ ला योजना सुरू झाली तेव्हापासूनच आहे. पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते. ती कणीक मळून, तांब्या उचलून आणि बटणं लावून येते. हात तयार नसताना पानंच्या पानं गिरवायला लावली, तर लेकरू वहीलाच कंटाळतं.

काय काळजी घ्यावी?

टॉवेल किंवा ओढणी गळ्यात बांधू नये, ती खिळ्यात किंवा दारात अडकून फास बसू शकतो. कमरेला बांधली तर चालते. मोजायला तुरीचे दाणे, चिंचोके देऊ नयेत, लहान मुलं ते नाकात किंवा तोंडात घालतात. लिंबं, कांदे, बटाटे बरे. भरलेल्या बादलीजवळ मुलांना क्षणभरही एकटं सोडू नये. एप्रिल-मे महिन्यात अंगणातले खेळ सकाळीच उरकावेत. ‘खरा हिरो उडत नाही, पायऱ्या उतरतो’ हा नियम खेळाच्या आधीच सांगावा.

सुरुवात कुठून करावी?

एका वेळी एकच खेळ घ्यावा, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मुलीही हिरो होतील आणि प्रत्येकाची पाळी येईल, एवढं पाहावं. खेळ संपल्यावर ‘कोण जिंकलं?’ असं विचारू नये. ‘आज तू कुणाला मदत केलीस?’ असं विचारावं. दुसऱ्या दिवशी टॉवेल बांधताना मुलाला हाच प्रश्न आठवला, तर खेळाचं काम झालं.