स्वस्त धुराची कुळकथा

शिर्डीच्या दीक्षितवाड्यातील वस्तुसंग्रहालयात साईबाबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत मातीच्या चिलमी आहेत. दर्शनाला आलेला माणूस हात जोडून पुढे सरकतो. पण नगर जिल्ह्यात धूर ओढण्याचे साधन कसे घडले आणि कसकसे बदलत गेले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने या चिलमींपाशी जरा थांबावे.

साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, चिलमीचा एक प्रसंग सांगितला आहे. धूपखेड्याच्या चांद पाटलाची घोडी हरवली होती. शोधून शोधून तो परत निघाला, तेव्हा वाटेत आंब्याच्या झाडाखाली त्याला एक फकीर दिसला. फकिराने त्याला चिलीम ओढायला बसवून घेतले. तंबाखू होता, चिलीम होती; नव्हता तो पेटवायला विस्तव आणि छापी भिजवायला पाणी. फकिराने चिमटा जमिनीत खुपसला तर निखारा निघाला, सटका आपटला तर पाणी आले. छापी भिजवली, पिळली, चिलमीला गुंडाळली, आणि दोघे ओढू लागले. भाविक याला लीला मानतात, आणि ते त्यांचे त्यांना शोभते. माझी नजर मात्र त्या सामग्रीवर खिळते. एक नळी, तिच्यात भरलेले द्रव्य, त्याला लागणारी आच आणि तोंडाशी येणारा धूर निववणारे ओले कापड. धूर ओढायला माणसाला एवढेच लागते. अगदी आजची बॅटरीवरची ई-सिगारेट उघडली तरी आत हीच मंडळी वेगळ्या वेषात बसलेली सापडतात.

चिलीम गावात घडायची. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली मातीची नळी. आत एक खडा, म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही. कुंभार मडक्या-पणत्यांबरोबर ती आव्यात भाजून काढी. बलुतेदार असल्यामुळे त्याला तिचे वेगळे दाम क्वचितच मिळत. सुगीला खळ्यावर जे धान्य पदरात पडेल त्यातच सगळे आले. म्हणून ओढणाऱ्याला चिलीम जवळजवळ फुकट पडे. या साधनाच्या कुळात ही गोष्ट मला पिढ्यानपिढ्या दिसते: ते जेवढे स्वस्त झाले, तेवढा त्याचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडला. ही कुळकथा सांगायची ती त्यासाठीच.

कूळ तंबाखूच्या आधीचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचा विधी आहे. औषधी वनस्पती वाटून तो लगदा बोरूसारख्या काडीवर लेपायचा, वाळला की काडी ओढून काढायची. उरते ती आतून पोकळ वर्ती. तिला तूप लावायचे, पेटवायची आणि धूमनेत्र नावाच्या नळीतून धूर घ्यायचा. कफ, डोकेदुखी अशा तक्रारींवर, ठरलेल्या वेळी, मोजक्या प्रमाणात. घरी बनवता येणारे धुराचे साधन आपल्याकडे एवढे जुने आहे. मात्र ते औषधाच्या शिस्तीत बांधलेले होते. तंबाखूने ती शिस्त मोडली.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आला आणि दख्खनेत मुरला. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला, तेव्हा त्याला तिथे तो मुबलक दिसला. परतताना त्याने बादशहासाठी तंबाखू आणि जडावाची नळी नेली. अकबराने झुरका घेतला, दरबारच्या हकिमांनी हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, ती कागदावरच राहिली. अहमदनगरचा किल्ला मोगलांनी १६०० मध्ये घेतला होता, आणि उरलेली निजामशाही मलिक अंबर नेटाने लढवत होता. विजापूर, नगर, दौलताबाद या टापूत फौजा, तांडे आणि फकीर सतत फिरत होते. त्यांच्याच वाटांनी तंबाखू गावोगाव पोचला असणार. जडावाची नळी दरबारात राहिली, गावात मातीची चिलीम रुजली.

चिलमीला बैठक लागते. विस्तव हवा, पाणी हवे, चार माणसे हवीत. नांगर धरलेल्या किंवा गिरणीत उभ्या असलेल्या माणसाला ते जमत नाही. त्याला खिशात मावणारे, एका काडीत पेटणारे, ओढून फेकून देता येईल असे काहीतरी हवे होते. ती गरज पानाने भागवली. आपट्याच्या पानाच्याही विड्या होत, पण टिकले ते टेंभुर्णीचे पान. ते पातळ असते, भिजवले की हवे तसे वळते आणि वाळल्यावरही घडी सोडत नाही. गुजरातेतून छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००) दुष्काळाच्या सुमारास बाहेर पडलेल्या कुटुंबांनी मध्य प्रांतात या पानाचा धंदा उभा केला; जबलपूरची मोहनलाल हरगोविंददास ही पेढी त्यांतली सर्वांत नावाजलेली. गोंदियाकडे रेल्वे आली, पान आणि विडी दूरवर जाऊ लागली. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट टाकून विडी ओढणे हे देशप्रेमाचे लक्षण ठरले. धंद्याला याहून मोठा आधार कोणता मिळणार!

आता नगर जिल्ह्याकडे पाहावे. इथे तेंदूपत्त्याची, म्हणजे टेंभुर्णीच्या पानाची, जंगले नाहीत. पान विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून येते. तंबाखूही इथला नाही. तो निपाणीकडून आणि गुजरातच्या चरोतर भागातून येतो. तरी नगर शहर, संगमनेर आणि अकोले ही विडीची ठिकाणे झाली. शेजारचे सिन्नरही. याचे कारण एकच: इथे रिकामे हात होते. पाऊस दगा देणारा, जमीन कोरडवाहू. नगर आणि भिंगार ही विणकरांची जुनी गावे. हातमाग मंदावले तेव्हा त्यांच्यावर पोट असलेल्या घरांना दुसरे काम शोधावे लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतल्या बायकांनी विडीचे सूप मांडीवर घेतले. घरात तेलुगू, दारात मराठी, देव्हाऱ्यात मार्कंडेय आणि हातात कात्री असा संसार नगरमध्ये पिढ्यानपिढ्या चालला.

हे काम जवळून पाहिल्याशिवाय त्याची मेहनत कळत नाही. पान रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचा तुकडा कापायचा. जाड शीर काढायची, नाहीतर पान वळताना फाटते. चिमूटभर तंबाखू सारखा पसरायचा, सैल नको आणि घट्टही नको; सैल झाला तर विडी विझते, घट्ट झाला तर ओढ लागत नाही. दोन बोटांत पान फिरवायचे, जाड टोक दुमडून बंद करायचे, दुसऱ्या बाजूला सूत बांधायचे. एक विडी झाली. अशा हजार झाल्या की मजुरीचा एक आकडा पुरा होतो, कारण दर ठरतो तो हजारावर. कुशल बाईलाही हजाराला अख्खा दिवस पुरत नाही. मग शाळेतून आलेली पोर पाने कापायला बसते, म्हातारी सूत बांधते. मजुरी मात्र एकाच्याच नावावर. संध्याकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या. तिथे छाट निघते. वाकडी, सैल, फाटकी म्हणून जी बाजूला पडली तिचे पैसे नाहीत, आणि पान कमी पडले तर ते पदरचे विकत घ्यायचे. विडीचे यंत्र निघाले नाही असे नाही, पण हाताने वळलेल्या विडीवर कर कमी राहिला आणि हाताची मजुरी यंत्राहून स्वस्त राहिली. बाईचे बोट हेच या धंद्याचे यंत्र.

या मजुरीवरून नगर जिल्ह्यातला एक लढा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय या विडी कंपनीविरुद्ध संगमनेर अकोला तालुका बिडी कामगार युनियन असा तो खटला, १९६३ च्या निकालसंग्रहात छापलेला. किमान वेतन कायद्याने वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा सरकारला दिली होती. ती घटनेच्या विरुद्ध आहे असे मालकपक्षाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही, कायदा टिकला. देशभरच्या कामगार कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आजही दिला जातो, आणि त्याच्या नावात आपले संगमनेर-अकोले आहे. शाळेतल्या मुलांना हे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते.

त्यानंतर १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा आला. घरी बसून वळणारी बाईही कामगारच आहे, तिला रजा, बाळंतपणाचा लाभ मिळाला पाहिजे, हे त्याने मान्य केले. भविष्य निर्वाह निधीबाबत मालक पुन्हा न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरखात्यातल्या, म्हणजे घरी विड्या वळणाऱ्या, कामगारांनाही तो लागू असल्याचे सांगितले. हक्क एकेक करून मिळवावे लागले. नगरमधल्या लालबावटा विडी कामगार युनियनसारख्या संघटनांचे मोर्चे हा या साधनाच्या इतिहासाचाच भाग आहे. आणि तंबाखू पिकवणाराही सुटला नाही: १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. शेतकरी नेते शरद जोशींचे ते आंदोलन.

ओढणाऱ्यालाही ही स्वस्ताई महागच पडली. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत जात नाही, विडी सारखी विझते; ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोराचे घ्यावे लागतात. तंबाखू सिगारेटहून कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जास्त जातात. वळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तंबाखूची धूळ जाते ती वेगळीच. खोकला, पाठदुखी, कमजोर नजर तिच्या वाट्याला.

या कुळातली सर्वांत धाकटी शाखा परदेशात फुटली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियाच्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटचे पेटंट मागितले, १९६५ मध्ये ते मिळाले, पण माल बाजारात आला नाही. २००३ मध्ये चीनचे औषधनिर्माते होन लिक यांनी आजची ई-सिगारेट केली. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. निखाऱ्याच्या जागी बॅटरी आणि तापणारी तार, ओल्या छापीच्या जागी द्रवात भिजलेली वात, तंबाखूच्या जागी निकोटिन मिसळलेले ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. साधन महाग होते, बॅटरी लवकर संपे. मग हौशी लोकांनी ते घरीच जोडायला सुरुवात केली. २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मोठी बॅटरी बसवलेली अशी यंत्रे गाजली. चिलीम आणि विडीनंतर स्वस्त घरगुती साधनाची ही तिसरी पिढी.

पहिल्या दोन पिढ्यांत खर्च कुंभाराने आणि विडीवालीने उचलला. या तिसऱ्या पिढीत तो जोडणाऱ्याच्याच अंगावर येतो. कारखान्यातली बॅटरी जास्त तापली, तारेला तार चिकटली, की वीज तोडणारी व्यवस्था आत असते. घरच्या जोडणीत पैसे वाचतात ते नेमके तिथे. लिथियमची बॅटरी बिघडली की पेट घेते किंवा फुटते. फ्लोरिडात २०१८ मध्ये आणि टेक्सासमध्ये २०१९ मध्ये अशा उपकरणांच्या स्फोटाने माणसे दगावली. द्रवाचे तर त्याहून वाईट. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसे निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दवाखान्यात, ६८ मृत्यू. मुख्य कारण निघाले ते गांजाच्या अर्काच्या द्रवात भेसळ केलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट, आणि बहुतेकांनी तो माल ओळखीतून किंवा चोरट्या बाजारातून घेतला होता. निकोटिनचा घट्ट द्रव कातडीतूनही शरीरात जातो. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती लागलेली छोटी बाटली जीव घेऊ शकते.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात बंद झाली. उत्पादनाच्या व्याख्येत जोडणीही येते, सुट्या भागांची सुद्धा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून जुन्या बॅटरीपासून हे यंत्र जोडू पाहणाऱ्या पोरांना माझे सरळ सांगणे आहे: हात लावू नका. कायद्याच्या धाकाने तर नकोच, पण स्वतःच्या चेहऱ्याच्या आणि फुप्फुसाच्या काळजीने मुळीच नको.

आणि विडीचे काय? ती ओढू नये हे मी कोणालाही सांगेन. पण विडी कमी झाली तर पहिला फटका नगर-संगमनेरच्या बाईला बसेल, आणि तिला दुसरे काम दिल्याशिवाय विडी बंद करा म्हणणे हा अन्याय आहे. देशात सुमारे ५० लाख विडी कामगारांची नोंद आहे, त्यांत बहुसंख्य बायका. तरुण मुलींना शिवणकाम, अन्नप्रक्रिया, दवाखान्यातली मदतनिशी अशी कामे शिकवून या धंद्यातून बाहेर काढायला हवे. म्हाताऱ्या झालेल्यांना जगता येईल एवढे पेन्शन हवे. ज्यांचा फंड मालकाने नियमाने भरला, त्या भाग्यवान. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये ठरलेले किमान पेन्शन आहे दरमहा १,००० रुपये. आयुष्यभर पान वळलेल्या बोटांना तेवढे पुरत नाही. ते वाढवावे.