अरवल्ली जिल्हा : देवनी मोरीच्या स्तूपाची भूमी

१५ ऑगस्ट २०१३ रोजी साबरकांठा जिल्ह्याचे विभाजन होऊन गुजरातमध्ये अरवल्ली जिल्हा स्थापन झाला. मुख्यालय मोडासा. स्थापनेवेळी मोडासा, भिलोडा, मेघरज, मालपूर, धनसुरा आणि बायड हे सहा तालुके होते. जिल्ह्याला नाव देणारी अरवली पर्वतरांग आणि राजस्थानची सीमा ईशान्येला आहे. मेश्वो, माझम, वात्रक या येथील प्रमुख नद्या.

भाषा गुजराती, बहुसंख्य लोक ग्रामीण व शेतीवर अवलंबून. भिलोडा, मेघरज भागात आदिवासी वस्ती मोठी आहे. मोडासा व बायड विधानसभा मतदारसंघ खुले, तर भिलोडा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

बौद्धांसाठी या जिल्ह्याचे महत्त्व वेगळे आहे. शामळाजीजवळ देवनी मोरी येथे १९६० ते १९६३ दरम्यान बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने उत्खनन केले. विटांचा स्तूप, विहार, भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि बुद्धांच्या अस्थी असल्याचा ब्राह्मी लेख कोरलेली दगडी पेटिका सापडली. पुढे ही जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. पेटिका विद्यापीठाकडे आहे.

याच जिल्ह्यात मोडासा तालुक्यातील खंभीसर गावी मे २०१९ मध्ये दलित नवरदेवाची वरात अडवण्यात आली. समतेचा धम्म जिथे नांदला, तिथेच आज वरातीला पोलीस बंदोबस्त लागतो. आपल्या तरुणांनी बडोद्याच्या संकल्पभूमीला जाताना ही पेटिका आणि शामळाजीचा परिसरही अभ्यासावा, तसेच तेथील गावांतील बांधवांशी संपर्क ठेवावा, असे आम्हाला वाटते.