मुंबई व्हीआयए चाचणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी करण्यासाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेला तपासणीचा प्रयोग. इंद्रनील मित्रा आणि सुरेंद्र शास्त्री हे त्यामागील प्रमुख संशोधक. अर्थसाहाय्य अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे होते. जून २०१३ मध्ये शिकागो येथे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या वार्षिक अधिवेशनात शास्त्री यांनी चाचणीचे निष्कर्ष प्लेनरी सत्रात मांडले. हजारो निबंधांतून जेमतेम चार-पाचांना मिळणारा हा मान एरवी बहुतेक वेळा नव्या, महागड्या औषधांकडे जातो. या वेळी तो पातळ केलेल्या ॲसेटिक आम्लाला, म्हणजे व्हिनेगरमधल्या मुख्य घटकाला मिळाला.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो आणि त्याआधीची अवस्था अनेक वर्षे टिकते. तेवढ्या अवधीत ती सापडली तर उपचार सोपा असतो. श्रीमंत देशांनी पॅप तपासणीच्या जोरावर हे मृत्यू खाली आणले. पण पॅपसाठी प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि अहवाल आल्यावर त्या बाईला पुन्हा बोलवावे लागते. रोजंदारी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच याचा भरवसा नसतो. व्हीआयए तपासणीत गर्भाशयमुखाला ४ टक्के ॲसेटिक आम्ल लावून सुमारे मिनिटभर थांबतात. दोष असलेला भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. निकाल तिथल्या तिथे कळतो.

चाचणीत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. वस्त्यांचे २० गट पाडून त्यांतील १० गटांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी झाली. उरलेल्या १० गटांना एकदाच कर्करोगाची माहिती देण्यात आली. तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका किमान दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रिया होत्या आणि त्यांचे प्रशिक्षण चार आठवड्यांचे होते. संशयित स्त्रियांची पुढची तपासणी व उपचार टाटा रुग्णालयात मोफत झाले. बोलावलेल्या स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या. नाजूक तपासणीसाठी हे प्रमाण थक्क करणारे आहे, आणि त्याचे श्रेय तंत्रापेक्षा या सेविकांना अधिक द्यावे लागते.

बारा वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी झालेल्या गटांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. नव्या रुग्णांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. म्हणजे रोग टळला असे म्हणता येत नाही. तो लवकर, बरा होण्याजोग्या टप्प्यावर सापडला आणि उपचार पुरे झाले. देशभर अशी तपासणी झाल्यास वर्षाला सुमारे २२,००० मृत्यू टळतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

गौरवाबरोबर टीकाही झाली. तपासणी न झालेल्या गटातील स्त्रियांना इतकी वर्षे तसेच ठेवणे कितपत नैतिक, असा सवाल अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी केला. भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही त्यावर वाद रंगला. भारतात त्या काळी नियमित तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा या स्त्रियांचे काही हिरावून घेतले गेले नाही, हा संशोधकांचा युक्तिवाद होता. तो वस्तुस्थितीला धरून असला तरी आक्षेप त्याने पुरता मिटत नाही.

चाचणीतील याच दीड लाख स्त्रियांत हाताने स्तनतपासणीचाही प्रयोग झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयोगट धरता घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही.

मुंबईच्या निष्कर्षाशेजारी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील चाचणी ठेवून पाहावी लागते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तर एकदाच केलेल्या व्हीआयएचा ठळक लाभ दिसला नाही. व्हीआयएमध्ये तपासणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते. मुंबईत सेविकांच्या कामाची पडताळणी आणि तपासणीच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या फेऱ्या, दोन्ही होत्या.

भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी सुचवली आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्हीच्या डीएनए तपासणीला पहिली पसंती देते. ती परवडत नसेल तिथे व्हीआयए वापरात आहे.