वाक्यारंभीचा 'अँड'

इंग्रजी वाक्याचा आरंभ 'अँड' या उभयान्वयी अव्ययाने करू नये, ही शाळामास्तरी आज्ञा खुद्द इंग्रजी गद्याने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. १६११ च्या अधिकृत बायबलमधील 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यातील ३१ वचनांपैकी २९ वचने 'अँड'ने सुरू होतात. मूळ हिब्रूत पहिले वचन सोडल्यास उरलेल्या तिसांच्याही आरंभी 'वाव' हे अक्षर पहिल्या शब्दाला जोडून येते. हा 'वाव' म्हणजे निव्वळ 'आणि' नव्हे; क्रियापदाच्या विशिष्ट रूपाशी जोडला गेला की तो निवेदनाचा काळही पुढे सरकवतो. इंग्रजीत तसे साधन नाही. म्हणूनच तिसऱ्या वचनापाशी टिंडेलने (१५३०) आणि पुढे जिनिव्हा बायबलनेही (१५६०) 'देन' हा शब्द योजला. १६११ च्या भाषांतरकारांनी मात्र तेथे 'अँड' पत्करला.

त्यांचा अपवाद अधिक बोलका आहे. सत्ताविसाव्या वचनात, मानवाच्या निर्मितीपाशी, हिब्रूत तोच 'वाव' असताना इंग्रजीत 'सो' येतो. आधीच्या वचनातील संकल्प आणि ही कृती यांच्यात मुळाने न सांगितलेले नाते एका अक्षराच्या जागी प्रस्थापित होते. वाक्यारंभीचा शब्द बदलणे म्हणजे भाष्य करणे होय, हे येथे स्पष्ट दिसते. आणि विसाव्या शतकातील सुबोध भाषांतरांनी तर हे भाष्य जागोजागी, बहुधा नकळत, केलेले आहे. एरिक आउअरबाखने 'मिमेसिस'मध्ये (१९४६) बायबलच्या निवेदनातील अनुच्चारित पार्श्वभूमीचे जे विवेचन केले, तिचा आधार ही असंयोजित, नाती न उलगडणारी रचनाच आहे. रॉबर्ट ऑल्टरने १९९६ च्या आपल्या 'उत्पत्ती'च्या भाषांतरात 'अँड' आग्रहाने राखला, तो याच कारणासाठी.

आउअरबाखच्या मांडणीत याच्या विरुद्ध टोकाला होमर आहे. त्याच्याकडे सारी नाती प्रकाशात असतात. एझ्रा पाउंडचा पहिला 'कँटो' 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गावर, तोही आंद्रेआस दिवसच्या १५३८ च्या लॅटिन भाषांतराच्या मध्यस्थीने, बेतलेला आहे. ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही संहितांचा आरंभ 'परंतु जेव्हा' अशा अर्थाच्या गौण वाक्याने होतो. पाउंडने ते गौणत्व मोडले आणि होमरला 'अँड'ने बोलते केले.