सनद नसलेल्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि सरदार डोळ्यांसमोर येतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. तेव्हा प्रश्न आमच्याच घरचा मांडतो : ज्यांच्याजवळ सनद नाही, त्यांनी आपला इतिहास कोठे शोधावा?

आपला मुलूख कागदांच्या बाबतीत दरिद्री नाही. सातारचे नगर वाचनालय १८५२ सालचे, सांगलीचे १८६९ सालचे. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकी सांभाळून पटवर्धनी दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड सिद्ध केले. पारसनिसांनी साताऱ्यात जमविलेला संग्रह मात्र १९३९ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. पण अशा दप्तरांत कुळाचे नाव आलेच, तर ते बहुधा वसुलीच्या नाहीतर तक्रारीच्या निमित्ताने येते.

आमच्या घरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत. पणजोबा कोरेगाव तालुक्यातले गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेले, कारण थोरल्या भावाने जमीन लाटली. या रागापायी दोन घराण्यांत लग्नकार्याचे आमंत्रण नव्हते. १९८२ च्या संपानंतर वडील रिकाम्या हाताने गावी परतले, तेव्हाही कोणी कोणाच्या दारी गेले नाही.

पुढे आम्ही १८८५ चे सातारा गॅझेटियर वाचनालयात वाचले. त्यातून गावचा शेतसारा, पिके, दुष्काळ समजले; पण घराणे सापडले नाही. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. त्या मोडीत. वाचनालयातल्या एका वृद्ध गृहस्थांनी एका उन्हाळ्यात आम्हांस मोडी शिकविली. ऑक्टोबर १९१८ च्या पानावर थोरले भाऊ आणि त्यांची पत्नी, एकाच आठवड्यात, कारण 'ताप'. पुढल्या साली फेरफारात जमीन सावकाराच्या नावे.

पुन्हा वाचनालयात आलो. १९१८ साली पाऊस हुकला होता आणि त्याच हंगामात इन्फ्लुएन्झाची साथ पसरली; हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे दगावली. नोंदवहीने तारीख दिली, ग्रंथांनी तिचा अर्थ दिला. जमीन भावाने लाटली नव्हती; भाऊ मेला होता, आणि त्याची पोरकी मुले सांगलीकडे आजोळी वाढली होती.

म्हणून आमची विनंती अशी. घरातल्या म्हाताऱ्यांना नावे, गावे आज विचारून घ्या. बायकांची माहेरची नावे विसरू नका. मोडी येणारा माणूस गाठा. संघटनांची जुनी इतिवृत्ते रद्दीत घालू नका. कागद कायमचा नसतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि हजारो ग्रंथ गेले.

ती नोंद उतरवून घेऊन आम्ही सांगलीस त्या घरी गेलो. त्यांच्याकडेही एक गोष्ट होती : धाकट्याने संकटात पाठ फिरविली. पणजोबा गेले ते साथीच्या आधी की नंतर, याचा कागद अजून मिळालेला नाही. आता तो आम्ही दोन्ही घरे मिळून शोधीत आहोत.